शिकारी कोळ्यांचं पार्सल

“काट्यानं काटा काढावा, बाळा,” म्हणत पाय मांडीवर घेणाऱ्या आईचा आवाज पार्सलच्या खिडकीमागच्या कारकुनाला कितीतरी वर्षांनी आठवला. खिडकीसमोर एक सासरे आणि त्यांची सून उभी होती.

“किडे विकत मागवलेस, सूनबाई? आपल्या स्ट्रॉबेरीवर कमी होते?”

“ते लाल कोळी पानांचा रस पितात, बाबा. हे शिकारी कोळी त्यांना खातात.”

“आणि ते संपले की?”

“मग हेही उपाशी मरतात.”

“गुणी पाहुणे! तुझा भाऊ तर जेवण संपलं तरी हलत नाही.”

“पत्त्यांचा डाव मांडून त्याला बसवतं कोण?”

“बरं बाई, बरं. जिवंत आहेत ना ते?”

“आहेत. आज संध्याकाळीच पानांवर सोडायचे.”

“एवढी काय घाई? पुढच्या आठवड्यात सोडू.”

“तोवर बाटलीतच मरतील. यांच्यासाठी तर पंधरा दिवस फवारणी बंद ठेवलीय. पानांवर औषध असलं, तर आधी हेच मरायचे.”

सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. कारकुनानं वही पुढं सरकवली.

“सही करा ना, बाबा. तुमच्या नावावर आलंय.”

“सूनबाई, काल तू बाहेर गेली होतीस ना...”

“मग?”

“पानांवरची जाळी मला बघवेना. पंप पाठीला लावला आणि फवारलं.”

“सगळे वाफे?”

“कडेचे दोन सोडले. म्हटलं, चुकून तुझंच खरं निघालं तर?”