ओळखीतला समुद्र

...नाही, पण मी काय म्हणतो, समुद्राला ओळख कशाला लागते? तुम्हीच सांगा! समुद्र म्हणजे काय आरटीओचं ऑफिस आहे? जायचं, बघायचं, पाय ओले करायचे, परत यायचं. पण हे विश्वनाथला सांगणार कोण? मी सांगितलं. मानेसरच्या कंपनीच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसतो तो, मी नाही सांगणार तर कोण सांगणार? तर मला म्हणतो, "तू गप रे. तू नोकरीला म्हणून दिल्लीत आलास, मी इथे जन्मलोय. इथे ओळखीशिवाय पान हलत नाही."

आता तुम्हाला विश्वनाथ माहीत नाही म्हणून सांगतो. जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजची, मराठी माध्यम, वडील सरकारी नोकरीत, आणि त्या वडिलांनी एकच शिकवण दिली ती म्हणजे आधी ओळख काढ, मग चप्पल घाल. गॅसचं कनेक्शन? ओळख. मुलीची अ‍ॅडमिशन? ओळख. एकदा पाय मुरगळला, तर हिंदूराव हॉस्पिटलला जाऊन सरळ एक्स-रे काढावा की नाही माणसाने? नाही! "थांब, ओळख काढतो!" म्हणून हा फोन घेऊन बसला, आणि ओळख सापडेपर्यंत सूज उतरली की हो! तरी गेला. म्हणे, एवढी ओळख काढलीय तर वाया कशाला घालवायची?

तर झालं काय... आमचा दिल्लीचा नोव्हेंबर. खिडकी उघडली तर बाहेरचा धूर आत, बंद ठेवली तर फोडणीचा धूर आतच. नीलावहिनी, म्हणजे विश्वनाथची बायको, खोकून खोकून बेजार झालेल्या. एका रविवारी पोहे पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "अहो, मला समुद्रावर जायचंय."

हा लगेच, "बिल्कुल! पुण्याला दादाकडे उतरू, तिथून..."

"दादाकडे नाही. हॉटेलात. चांगल्या, मोठ्या, समुद्रासमोरच्या. चार दिवस. आणि ओळखीचं एकही माणूस नको."

आता यात त्यांचं काय चुकलं? ती बाई माहेरची वर्ध्याची. तिथे समुद्र नाही. लग्न होऊन आली द्वारकेला, म्हणजे आमच्या दिल्लीतल्या द्वारकेला... नावाची द्वारका आहे, पण समुद्र इथेही नाही! आणि सुट्टी म्हणाल तर लग्न झाल्यापासून कधी पुण्याचं दादाचं घर, कधी नाशिकची आत्या, कधी सांगलीचे मामा. कुठेही गेलं की बॅग खाली ठेवायच्या आत, "अगंबाई, दिल्लीची वहिनी आली! वहिनी, तुमच्या दिल्लीचे छोले करा ना!" अरे, ती वर्ध्याची आहे! तिला स्वतःला छोले पचत नाहीत! पण मग काय, पदर खोचायचा आणि वीस माणसांचे छोले करायचे. आणि उरलेलं वर्षभर? वैष्णोदेवीला जाणारे यांच्याकडे, येणारे यांच्याकडे, परीक्षा द्यायला आलेली पोरं यांच्याकडे. तुम्हाला सांगतो, दिल्लीतलं मराठी घर म्हणजे एक धर्मशाळा असते, फक्त बाहेर पाटी नसते. म्हणून वहिनी म्हणाल्या, चार दिवस मला कुणी वहिनी म्हणायला नको, काकू म्हणायला नको, मी नुसती गॅलरीत बसणार आणि समुद्र बघणार. हे विश्वनाथनेच मला सांगितलं. त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. माणूस वाईट नाही हो तो.

लगेच म्हणाला, "झालंच म्हणून समज. थांब, ओळख काढतो!"

मुलगी अनुष्का होस्टेलवरून रविवारची आलेली, तिथेच बसलेली. ती म्हणाली, "बाबा, यार, फोनवर होतं बुकिंग. दस मिनट का काम आहे. दे, मी करते."

"फोनवर? अगं, फोटोत समुद्र दाखवतात आणि खोली देतात जनरेटरच्या तोंडाशी! समुद्राकडची खोली ओळखीशिवाय मिळते का कधी?"

झालं! बसला शोधायला. पहिला फोन आमच्या मराठी मंडळाच्या लताताईंना. आता लताताईंना एखादी गोष्ट सांगायची म्हणजे लाउडस्पीकरला सांगितल्यासारखं आहे. "अय्या, समुद्रावर? कधी? कोण कोण? अहो मग मंडळाचीच ट्रिप काढू की! बस करू! अंताक्षरी ठेवू!" विश्वनाथला घाम फुटला. नीलाची तब्येत, डॉक्टर, एकांत, असं काय काय सांगून त्यांना कसंबसं परतवलं. पण लताताई रिकाम्या हाती पाठवत नाहीत कुणाला. त्यांनी नंबर दिला हणमंतचा.

हा हणमंत म्हणजे लताताईंच्या भाच्याचा होस्टेलमधला पार्टनर, मूळचा गडहिंग्लजचा, आणि नोकरीला कुठे? तर कोकणात, एका फाइव्ह स्टार रिसॉर्टच्या रिसेप्शनवर! विश्वनाथला तर आकाश ठेंगणं झालं. फोन लावला. हणमंत म्हणजे नुसता मध. "सर, तुम्ही लताकाकूंचे म्हणजे आमचेच! खोली अशी देतो की समुद्र तुमच्या पायाशी आणतो. गॅलरी, गॅलरीत झोपाळा. तुम्ही बुकिंगच्या भानगडीत पडूच नका. मी ठेवतो ना खोली!"

विश्वनाथने फोन ठेवला, विमानाची दोघांची तिकिटं काढली, आणि छाती पुढे काढून वहिनींना सांगितलं. वहिनींनी एवढंच विचारलं, "कन्फर्मेशन आलं का?"

"कन्फर्मेशन? ओळख असताना कन्फर्मेशन मागतात का? बरं दिसतं का ते?"

आता इथे गोष्ट संपायला हवी की नाही? चांगली खोली मिळाली, गप जा, झोपाळ्यावर बसा! पण ओळख ही काय एका बाजूने चालणारी वस्तू आहे का? दोन दिवसांनी हणमंतचा फोन. स्पीकरवर. वहिनी समोरच मटार सोलतायत. "सर, आमच्या शेफला सांगून ठेवलंय, दिल्लीच्या वहिनी येतायत म्हणून. तो म्हणतोय, एक दिवस वहिनींनी किचनमध्ये येऊन जरा छोल्यांचं दाखवलं तर..."

वहिनी मटार सोलत राहिल्या. विश्वनाथ म्हणतो, "ती बोलली असती तर बरं झालं असतं रे." आणि त्या घाईत, विषय बदलायला म्हणून, हा माणूस फोनवर काय बोलून गेला माहितीय? "ते बघू हो, पण तुम्ही कधी येताय दिल्लीला? आईवडिलांना पाठवा! आपलंच घर आहे, कधीही या!"

कधीही या! अहो, हे आपण सगळेच म्हणतो. जिन्यात म्हणतो, लग्नात म्हणतो, पण ते काय यायला म्हणतो? पुण्याकडच्या माणसाला बरोबर कळतं, तो "हो हो, येऊ की" म्हणतो आणि जन्मात येत नाही. पण गडहिंग्लजची माणसं सरळ हो! "कधीही" म्हणजे कधीही! आणि समुद्रावर निघायच्या आदल्या दिवशी सकाळी हणमंतचा फोन. "सर, आनंदाची बातमी! आई, बाबा आणि दोन्ही काका कालच गाडीत बसले. दुपारी निजामुद्दीनला उतरतील. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं!"

"अहो हणमंतराव, पण उद्या आम्ही तुमच्याकडेच..."

"मग काय झालं सर? खोली कुठं पळून जातीय? ओळख आहे! पुढच्या महिन्यात या, नाहीतर मार्चमध्ये या!"

विश्वनाथ निजामुद्दीनला जाऊन चार माणसं, दोन ट्रंका आणि गुळाची एक ढेप घेऊन आला. नीलावहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा दिला, हणमंतच्या आईंची, विठाबाईंची, ओटी भरली. सगळं व्यवस्थित. मग हा स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणतो, "नीला, ऐक ना... पाहुणे घरात असताना कुलूप लावून जाता येतं का? आपण मार्चमध्ये जाऊ. समुद्र कुठे जातोय?"

वहिनी म्हणाल्या, "समुद्र जात नाही. मी जाते."

आणि गेल्या! तुम्हाला सांगतो, गेल्या! दुसऱ्या दिवशी सकाळी, आपलं तिकीट घेऊन, छोटी बॅग घेऊन. जाताना विठाबाईंना नमस्कार केला, म्हणाल्या, "तुम्ही दिल्ली बघा, मी समुद्र बघून येते." हा मागे धावला, "अगं पण खोली? हणमंतला फोन करतो!"

"हणमंतकडे नाही. अनुष्काने दुसरीकडे बुकिंग केलंय. दहा मिनिटं लागली."

"कुठे? हॉटेलचं नाव तरी सांग! तिथे कुणी ओळखीचं असेल तर..."

"म्हणूनच सांगत नाही," म्हणाल्या, आणि लिफ्टचं दार बंद झालं. विमान गोव्याचं होतं एवढं त्याला माहीत. पुढे टॅक्सी वर कोकणात गेली की खाली गोव्यात, देव जाणे. अनुष्काला फोनवर विचारलं तर ती म्हणते, "सॉरी बाबा, प्रॉमिस केलंय."

आता घरात चार पाहुणे आणि विश्वनाथ. सुट्टी काढलेलीच होती. स्वयंपाकातलं येतं काय याला? नूडल्स! पहिल्या रात्री ताटात नूडल्स वाढले. हणमंतचे वडील बिचारे बोटांनी ते उचलून बघतायत, टोक कुठे आहे म्हणून. विठाबाई काही न बोलता उठल्या, पदर खोचला, पिठाचा डबा हुडकला, आणि झाल्या सुरू. भाकरी! पिठलं! ठेचा! विश्वनाथ म्हणतो, "काय भाकरी होती रे!" बसमध्ये माझ्या खांद्यावर थाप मारून सांगत होता.

रोज सकाळी पुरुषमंडळी लाल किल्ला बघायला निघायची, आणि त्या धुरात लाल सोडा, किल्लाच दिसायचा नाही, ते सोडून द्या. पण जायची. डबे घेऊन जायची. आणि विठाबाई? "तुमी व्हा फुडं, एवढ्या भाकऱ्या थापते न् येते." थापून होईपर्यंत दुपार, मग संध्याकाळचं निवडणं, टिपणं. जन्मात पहिल्यांदा ती बाई दिल्लीला आली, आणि दिल्लीत तिने काय बघितलं? द्वारकेच्या तिसऱ्या मजल्यावरचा गॅस! तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता विश्वनाथच्या हे डोक्यात आलं. कसंतरीच झालं, म्हणाला. मग? मग काय, आणखी एक भाकरी मागून घेतली.

तेवढ्यात वहिनींचा फोन. याने झडप घातली. "नीला! कशी आहेस? कुठे आहेस?"

"छान आहे. विठाबाईंना द्या."

विठाबाई फोन घेऊन आत गेल्या. अर्धा तास! आतून नुसतं "व्हय? ... खरं सांगताय? ... च्यासुद्धा आणून देत्यात? ... आन् कोन काय म्हनत न्हाई?" एवढंच. बाहेर आल्या, फोन याच्या हातात दिला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"काय म्हणाली? कधी येतेय?"

"चार दिस आनि ऱ्हाते म्हनाल्या."

"आणखी चार दिवस? ... बरं, आहे कुठे? हॉटेलचं नाव सांगितलं का तुम्हाला?"

"सांगितलं की."

"काय?"

विठाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. "तुमास्नी सांगू नगा म्हनाल्यात. फुडल्या म्हैन्यात मीबी जानार हाय तितं. एकलीच. आन् हे बघा, आमच्या हणमंताला यातलं काय बोलायचं न्हाई."

विश्वनाथने पुढ्यातली भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशीपासून विठाबाई सकाळी सगळ्यांच्या आधी चप्पल घालून तयार. म्हणाल्या, आज मी कुतुबमिनार बघनार, जेवायचं ज्याचं त्यानं बघा. चार पुरुष दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले म्हणे.

मग पाहुणे गेले, सुट्टी संपली, वहिनी अजून समुद्रावरच, आणि काल विश्वनाथ बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. हे सगळं सांगितलं. सांगता सांगता डबा उघडला. ब्रेड. डबा मांडीवर ठेवून माझ्या कानाशी लागून म्हणतो, "एक काम कर. तुझ्या विनयाला यातलं काही सांगू नकोस. बायकाबायकांत उगाच पसरतं."

मी माझा डबा उघडून त्याच्यापुढे धरला. आमच्या विनयाला परवाच वहिनींचा फोन येऊन गेला होता; माझ्यातही ब्रेडच. त्याच्या ब्रेडला निदान जाम तरी होता.