तालमीच्या भिंतीवरची रेघ

हॅलो?... कोण?... हां, हंब्या, बोल की... अरे हळू! कान फुटंल माझा.

बाहेर असशील तालमीचा अध्यक्ष हंबीरराव. थोरल्या बहिणीला हंब्याच.

व्हय... व्हय... कळलं की! काल आराखड्याच्या भर सुनावणीत तुझ्या भाचीनं तुझं नाव घेतलं. मी तिथंच तर बसलेले, तिसऱ्या ओळीत.

नाक कापलं? कुणाचं?... तालमीचं? आणि ते नाक वर करायला भिंतीवर पुराची ती रेघ कुणी काढलीती?

मला सांगतोस! एकोणीसचा पूर उतरला, तू ब्रश घेऊन शिडीवर, आणि खालनं सगळी गल्ली ओरडतीय, 'अजून वर, हंबीरराव, अजून वर!' का, तर नाल्यापलीकडच्या तालमीपेक्षा आपलं पाणी कमी दिसायला नको. पुरात पण पहिला नंबर पाहिजे आपल्याला!

हसू न्हाय तर काय करू?

बरं, ऐक... अरे, ऐक की माझं! ती काय तुझ्या रेघेमागं लागून गेली न्हाय. मधल्या बाजाराचा नवा आराखडा आला. त्यानं हवेचं, पाण्याचं, झाडांचं काय होणार, ते तपासायचं काम तिच्या संस्थेकडं हाय. नाल्याकाठी जमिनीखाली पार्किंग करतो म्हणतात. मग पूर कुठवर येतोय ते बघायला नको? सगळ्या भिंती मोजल्या पोरीनं. गिरणीची, दवाखान्याची... माझ्या स्वयंपाकघरातलं फडताळ ओढून मागचा चिखलाचा डाग पण मोजला. सगळीकडं पाणी एका पातळीत. तुझ्या तालमीत तेवढं हातभर वर. पाणी काय तुझ्या दारात आल्यावर उडी मारतंय व्हय?

जोर मारत असंल? मग बैठका पण मारत असंल!

न्हाय, न्हाय, तिनं आधी तुझं नाव काढलंच न्हवतं. अहवालात ती रेघ धरली न्हाय, एवढंच. विषय तूच काढलास. माइक घेऊन उठलास, 'आमच्या तालमीची भिंत बघा' म्हणालास... टाळ्या पडल्या, व्हय, मी पण वाजवल्या. आणि मग आराखडेवाल्या सायबानं पडद्यावर दोन फोटो लावले. एक तालमीचा, एक शेजारच्या गिरणीचा. म्हणाला, लोकांच्या खुणा अशाच फुगवलेल्या असतात, आणि ही पुराची भीती पण तशीच फुगवलेली.

तवा माइक ठेवून खाली का बसलास?

...हां. मला वाटलं, झालं! एका रेघेपायी सगळ्या भिंती खोट्या पडल्या. आता पार्किंग खणतात आणि पुढच्या पुराला आपण सगळी गच्चीवर.

आणि मग ती उठली. काय म्हणाली ठाऊक हाय न्हवं? 'ती रेघ चुकीची आहे. माझ्या मामांनी काढलेली असली, तरी मी ती धरली नाही. आता उरलेल्या भिंतींबद्दल बोलू.'

आवाज कापला न्हाय रं पोरीचा! खऱ्या खुणेला पण ते पार्किंगचं तळघर बुडतंय. आणि पाणी मुरायची जागा सिमेंटनं बंद केली की ते कुठं जाणार? आपल्या गल्लीत. असं मांडलं तिनं, की सायबानं ते दोन फोटो पडद्यावरनं काढले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, जी पोर सख्ख्या मामाला सोडत न्हाय, ती बाकीचं खोटं कशाला सांगंल? नाल्यापलीकडची होती ती बाई, बरं का!

व्हय... व्हय, सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी तिथंच सांगितलं, जमिनीखालचं पार्किंग आराखड्यातनं काढा. एवढे मोर्चे तुम्ही काढलासा, आणि पार्किंग काढलं कुणी? आमच्या प्रियदर्शनीनं!

न्हाय, आराखड्यातला चालायचा रस्ता राहणार. बाजारात गाड्या बंद, माणसांना चालायला जागा. धूर कमी होतोय, चिंचेच्या झाडांना हात लागत न्हाय, ते चांगलंच हाय म्हणाली ती... तुझी बुलेट? लाव की लांब आणि ये चालत! आपली गैरसोय झाली म्हणून आराखडा वाईट होत न्हाय, मामाला सांग, असं म्हणालीय.

मला? मला काय वाटलं?... मला वाटलं, माइक हिसकावून घ्यावा आणि सांगावं, ही माझी. माझी लेक हाय ही.

...हॅलो? हाय की, ऐकतीय.

काय म्हणून चिडवतात ते पलीकडचे?... 'उंच पाण्याचं पावणं'?

हसत न्हाय. ठसका लागलाय.

अरे, म्हणू देत. ते सोड. संध्याकाळी तालमीत तिचा सत्कार हाय, तिला फेटा तू बांधणार का न्हाय? अध्यक्षानंच बांधायचा असतोय तुमच्यात... बघू म्हणजे? बघू म्हणजे काय?

थांब जरा. मघाधरनं हे खरखर काय वाजतंय?... फोन काय खराब न्हाय माझा. हंब्या, कुठं हायस तू?... तालमीच्या दारात?... कशावर? शिडीवर? एका हातात फोन धरून? अरे, पन्नाशी उलटली तुझी! शिडी तरी धरलीय का कुणी?

...कोण?

प्रियदर्शनी? ती तर कामाला जाते म्हणून मोजपट्टी घेऊन सकाळीच गेली!... आरं चोरा! म्हणून एवढा ओरडतोयस व्हय! माझ्याजवळ तिची चहाडी, ती पण खाली तिला ऐकू जावी म्हणून!

काय म्हणतीय ती?... परत सांग... 'अजून खाली, मामा, अजून खाली'?

बरोबर म्हणतीय. ऐक तिचं... फोन खिशात टाक आधी. रेघ दोन्ही हातांनी काढ, आणि सरळ काढ. पलीकडची बघायला येतील. ठेवते.