कवळीतून निघालेले किडे

मी शेख गफ्फार शेख मोईन, वय ६१ वर्षे, धंदा गाद्या-रजया भरण्याचा, रा. मंगरूळपीर, जि. वाशिम, पोलीस स्टेशनला समक्ष येऊन, विचारल्यावरून, माझ्या बोलीत सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी लतीफाबी हिच्यासह राहतो. तिची उजवीकडची दाढ ठणकत होती. आसेगावच्या बाजारात जडीबुटी विकणारा ग्यानबा, त्यानं दाढेच्या भोकात बिब्ब्याचं तेल भरलं. हिरडी भाजली, गाल सुजला. लवंग मी बी दाढेखाली धरली, बाभळीच्या काडीनं बी दात घासले, त्याले माझी ना नाई. पण बिब्बा नुसता अंगाले लागला तरी फोड येते, अन् यानं तो तोंडात घातला. दवाखान्यात चाल म्हटलं तर लतीफा म्हणे, "बाबानं किडा मारला, आता सूज उतरतेच."

म्हून आज मी तिले संग घेऊन ग्यानबाकडे गेलो अन् म्हटलं, माझीबी दाढ दुखते. त्यानं निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकल्या, नळीनं माझ्या तोंडात धूर देला अन् खाली धरलेल्या पाण्यात पांढरे किडे पाडले. लोकं वा वा करून राह्यले होते. मी कवळी काढली, अख्खी, वरची अन् खालची, अन् त्याच्या हातावर ठेवली. म्हटलं, राह्यलेले किडे निवांत काढ.

ग्यानबाची तक्रार आहे का मी त्याले मारलं, शिव्या देल्या. हे साफ खोटं आहे. शिव्या द्याच्या होत्या, पण दात त्याच्या हातात. माझ्या तोंडातून नुसती हवा निघाली.

हे सारं पाहून लतीफा, सुजेनं तोंड उघडत नाई तरी दातावर दात ठेवूनच म्हणते, "तुमी कवळी धुतच नाई, तिच्यातबी किडे झाले. बाबाच्या हाताचा गुण पाहा." आता या बाईपुढं मी कुठं डोकं आपटू?

साहेब, गुन्हा ग्यानबावर लिहा नाहीतर माझ्यावर लिहा. लतीफा बाहेर बाकावर बसली आहे. सूज गळ्याले आली, तिले थुंकी गिळता येत नाई. दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं फोनवर सांगतलं, सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडते. मले लई भेव वाटून राह्यलं. माझं ती ऐकत नाई, पण वर्दीले भिते. तुमच्यातली कोणी बाई पाठवा, दरडावून तिले दवाखान्यात न्या. तुमी म्हटलं आधी जबाब, म्हून बसलो.

आता जबाब वाचून दाखवत बसू नका, बरोबरच असंल. सही कुठं करू तेवढं दाखवा.