वाऱ्याचा डोळा

मंडळी, ऐका! भिंतीला कान असतात, हे तुम्हाला ठाऊक. मागच्या बायका हसल्या बघा — त्यांना जरा जास्तच ठाऊक! पण मी विचारतो, भिंतीला डोळा असतो का? आणि असला, तर तो कशासाठी — शेजाऱ्याचं उणं बघायला, की दुखणं बघायला?

नेवाशाच्या बाजूला एक गाव. तिथं द्रौपदाबाई. नवरा गेलेला, लेकी सासरी, घरात एकटीच. आणि तोंड? अहो पखवाजवाले, तुमचा पखवाज दमेल, तिचं तोंड दमायचं नाही! शेजारी भागवत गवंडी. सांडपाण्यावरून दोघांचं वाजलेलं. बोलणं बंद, येणं-जाणं बंद. किती वर्षं झाली? दोघांनाही सांगता यायचं नाही. भांडण मात्र ताजं!

एक दिवस द्रौपदाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली. ठाक! ठाक! भागवतच्या भिंतीतून वीट निघाली. दुसरी निघाली. भगदाड पडलं — हिच्याच अंगणाकडे! आणि उंची किती? जेमतेम मांडीएवढी!

"आगं बाई! खिडकी काढतो व्हय रे मेल्या? अन् येवढी खाली? बसून बघायची सोय केली का?"

भागवत काय कमी? "माझी भिंत, माझी खिडकी! तू तोंड फिरवून बस!"

गेलं प्रकरण तंटामुक्ती समितीकडे. अध्यक्ष कोण? निमसे सर. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेलं. तंटा राहिला बाजूला, सर शब्दात शिरले!

"बाई, इंग्रजीत खिडकीला विंडो म्हणतात. मूळचा शब्द उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या दर्यावर्दी लोकांचा. त्याचा अर्थ काय? वाऱ्याचा डोळा! त्याआधी इंग्रज काय म्हणायचे? डोळ्याचं भोक! अन् आपल्या संस्कृतात? गवाक्ष — गाईचा डोळा!"

काय गंमत आहे बघा, मंडळी! ते बर्फातले, आपण उन्हातले. ना बोलणं, ना भेट. तरी भिंतीला भोक पाडलं, अन् दोघांनाही आठवला डोळाच! असं का झालं असेल? हात आठवला नाही, पाय आठवला नाही. विचार करा घरी जाऊन.

द्रौपदाबाईनं मात्र विचार केला नाही. ती म्हणाली, "गाईचा आसंल न्हाईतर वाऱ्याचा आसंल! गाय माझ्या न्हाणीत डोकावत न्हाई, सर. ह्यो भागवत डोकावला, मंग?"

समिती उठून भागवतच्या दारात आली. शेवटी सर म्हणाले, "डोळा म्हटला की त्याला काय दिसतं ते बघावं. बाई, तुम्हीच आत जा. तुमची न्हाणी दिसली, तर आजच्या आज भोक बुजवायचं."

भागवतचा चेहरा पडला. पण खुलासा न करता दारातून बाजूला झाला. कुणापुढं दयेची भीक मागायची नाही, असला ताठा!

द्रौपदाबाई पदर खोचून आत शिरली. आत अंधार. भगदाडाला लागून खाट, अन् खाटेवर शेवंता, भागवतची बायको. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, कंबर कामातून गेली. हे द्रौपदाबाईच्या कानावर होतं. बघायला कधी आली नव्हती. भांडण होतं ना!

खोचलेला पदर सोडला तिनं. तरी ठसक्यात म्हणाली, "मला बघायचंय, इथून काय दिसतं."

"उभं राहून न्हाई कळायचं, आक्का," शेवंता म्हणाली. "आडव्या व्हा. माझ्यासारख्या."

झाली आडवी! गेल्या कित्येक वर्षांत जिच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, तिच्या खाटेवर! अन् काय दिसलं? न्हाणी? नाही. ओटा? नाही. शेवग्याचा शेंडा, आभाळाचा तुकडा, अन् दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याचं टोक. तिच्याच लुगड्याचं!

"काल हिरवं व्हतं, आज तांबडं हाये," शेवंता म्हणाली. "तुमचा आवाज रोज येतो आक्का. भांडत्यात, म्हंजी बऱ्या हायेत, असं वाटतं. तोंड तेवढं दिसत न्हाई."

मंडळी, त्या तोंडाळ बाईनं काय केलं? शेवंताचा हात धरला अन् रडली, घळघळा रडली. आपली लाज राखायला निघालेली बाई, आज तिला स्वतःचीच लाज वाटली.

बाहेरून सरांनी हाक दिली, "बाई! काय दिसलं? बुजवायचं ना?"

द्रौपदाबाई भगदाडातून ओरडली, "काय दिसतंय कपाळ! भागवता, गवंडी हायेस का कोण? आजून दोन थर खाली घे! माझा ओटा दिसू दे तिला!"

बोला, जय हरी! टाळ्या नंतर वाजवा, आधी मला सांगा. या मांडवात शेजारी शेजारी बसलेत, पण एकमेकांकडे बघत नाहीत, असे किती? हात वर करू नका, मला दिसतायत! उद्या त्याच्या घरी जा. समजवायला नको, समजूत घालायला नको. त्याच्या जागी घटकाभर आडवे व्हा, आणि तिथून आपलं घर कसं दिसतं, ते बघून या.