हातावरचं दही

हसायचं तर हसा बायांनो, पण आधी ऐका. माझ्या नातीची, ईश्वरीची, दुर्बिणीनं आतड्याची तपासणी होती. त्याला पोट पार रिकामं लागतं. डॉक्टरांचा कागद मीच घरात वाचून दाखवला. शाळेची पायरी न चढता वाचायला शिकलेय मी. आदल्या दिवशी जुलाबाचं ते खारट औषध पिऊन पोर संडासात बसून रडली. शेजारीण बिस्किटं घेऊन आली, तिला मी उंबऱ्यावरूनच हाकललं.

सकाळी नगरला निघताना सवयीनं पोरीच्या हातावर दही-साखर ठेवली. महत्त्वाच्या कामाला आमच्याकडं कोणी तसंच निघत नाही.

दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "सकाळपासून काही दिलंय?"

सुनेच्या आधी मीच बोलले, "काही न्हाई. माझा पहारा हुता."

ईश्वरी हळूच म्हणाली, "आजीनं दही दिलं."

भूल देता येईना, तपासणी पुढं ढकलली. पोरीनं एवढंच विचारलं, "म्हंजी ते औषध परत प्यायचं?" सुनेनं कागद पिशवीत कोंबले. मला चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या खेपेला निघताना मी घराच्या दारात खाली मान घालून उभी होते. ईश्वरीच वाटी घेऊन आली, माझ्या हातावर दही ठेवलं अन् म्हणाली, "आजी, या टायमाला तू खा."