रड म्हणाले म्हणून

माझं माहेर डोंगरकड्याच्या अंगाला, तांड्यावरचं. आमी बंजारा, आन् आमच्यात रडायची लाज न्हाई बरं का. बाई बाईला भेटली की गळ्यात पडती आन् सुरात रडती, नवरीला तर लग्नाआधी म्हाताऱ्या बाया शेजारी बसवून रडणं शिकवतात, ढावलो म्हणतो आमी त्याला, कोण गेलं, काय सुटलं, सगळं त्या रडण्यातच सांगायचं. समोरच्या बाईनं गप बस म्हणायचं न्हाई, रड बाई रड म्हणायचं आन् पाठीवर हात ठेवून बसायचं. हसून राहिलात का? हसा, वसमतला शेजारणीबी हसायच्या.

वसमत माझं सासर. नवऱ्याचा बसस्टँडाजवळ एसटीडी बूथ होता, पुढं मोबाईल आले, बूथ बसला, मग त्यानं कॉम्प्युटर आणून नेटकॅफे टाकला. मी दहावी शिकलेली, टायपिंगची परीक्षाबी दिलेली, म्हणून दुकानात मीच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काय करणार, नेट उघडून बसायची. तिथं बायकांचा एक मराठी कट्टा घावला, इंग्रजी अक्षरात मराठी लिवायचं, लोणच्यापासून सासूपर्यंत सगळं चालायचं. पुण्याच्या एक ताई तो चालवायच्या, कोणाला घ्यायचं कोणाला काढायचं त्यांच्या हातात. मी तिथं नाव घेतलं तांडेवाली. लई जीव रमायचा माझा, खोटं काहून बोलू.

तर एका दुपारी एका पोरीनं लिवलं, मला जगायचं नाही. चिमणी म्हणून नाव घेतलेलं तिनं, खरं नाव न्हाई, गाव न्हाई. लेकरू झालं होतं, आठ-धा दिसांत गेलं, आन् सासरचे म्हणत होते एवढ्याशा जिवासाठी कोणी रडतं का, होईल की दुसरं. आता कट्ट्यावरच्या बायांनी काय लिवावं? एक म्हणाली पॉझिटिव्ह राहा. एकीनं गुलाबाचं चित्र टाकलं. एक म्हणाली मरणारे असं सांगत बसत नाहीत. डोकंच फिरलं माझं! माझी थोरली बहीण शेवंता सांगत होती ना, सांगून सांगून थकली, तिच्या घरचे नाटकं करती म्हणाले, आन् गेली ती. नाटक होतं व्हय ते?

मी लिवलं, चिमणे, आजच मरायचं मनात हाये का, सरळ सांग. ती म्हणाली हो. घरात कोण हाये? कोणी न्हाई. शेजारी? एक काकू हायेत, चांगल्या हायेत. मग ऊठ, त्यांच्या दारात जाऊन बैस, एकटी राहू नको. तर म्हणती, रडू थांबत नाही ताई, अशी कशी जाऊ, लोक काय म्हणतील. मी म्हणाले तशीच जा, रडत जा, आन् पाय उचलत नसंल तर आधी मला सांग, लेकराचं नाव काय ठरवलं होतंस? बास, मग पोरगी लिवायाच लागली. नाव लिवलं, टाळूवरचे केस लिवले, अंगाचा वास लिवला, कोणी विचारलंच नव्हतं हो तिला. मी मधीमधी तेवढंच लिवत होते, रड माय, अजून रड, मी बसले हितं.

आन् ताईंनी मला काढून टाकलं. त्यांना वाटलं मी पोरीला भडकवून राहिले, मरायला लावून राहिले. आता कट्टा कसा, काढलेल्या माणसाला वाचता यायचं, लिवता यायचं न्हाई. दुसरं नाव घ्यायला गेले तर ताईंची परवानगी येईस्तोवर थांबा म्हणे. ताईंना मेल केला, परत केला. आन् समोर चिमणीचं दिसून राहिलं, ताई आहात का? मग, तांडेवाली ताई, बोला ना. काय सांगू तुम्हाला, मी त्या डबड्यापुढं मोठ्यानं ओरडत होते, हाये गं बाई, हाये, आन् नवरा म्हणतो याड लागलं का तुला, कोणाशी बोलून राहिली? शेवटी तिनं लिवलं, त्या पण गेल्या वाटतं. त्याच्यापुढं काही न्हाई.

खाली ताईंनी लिवलं, कट्ट्याचं वातावरण प्रसन्न ठेवूया, विषय बंद. सांजच्याला त्यांचा मेल आला, तुमच्यासारख्यांमुळं जीव जाईल एखादीचा. त्याबी भेदरल्या असतील, मी न्हाई म्हणत न्हाई, पर एकदा विचारावं ना मला, का गं, रड काहून म्हणालीस? प्रसन्न म्हणे! थू तसल्या प्रसन्नाला.

चिमणी परत कधी आली न्हाई. पुढं तो कट्टाच बंद पडला, आता आमी रिचार्ज मारतो, कव्हरं इकतो. पोरी मोबाईलवर हसतात, रडतात, मी बघते. कधी वाटतं ती काकूंच्या दारात गेली असंल, कधी तेबी वाटत न्हाई. कोणाला विचारू? कोणत्या नावानं विचारू?

तुमी लिवून राहिलात ना, मग माझं नाव न्हाई घातलं तरी चालंल, पर एवढं घाला. चिमणे, जिथं असशील तिथं सुखानं ऱ्हा, आन् मी गेले नव्हते गं. मला काढलं होतं.