शेवटच्या सीनचा लाल स्वेटर

स्वेटरवरून आठवलं. अमेरिकेत, नोव्हायमध्ये राहत होतो तेव्हा आमचा मित्र मंदार आठवडाभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचा आणि वीकेंडला दिग्दर्शक असायचा. उसन्या डिजिटल कॅमेऱ्यावर त्याने एक शॉर्ट फिल्म काढली. हीरो मी.

त्याचा कलर प्लॅन पक्का होता. "सगळी फिल्म करडी. शेवटच्या सीनला तू लाल स्वेटर घालून येतोस. तिथे हीरोचं एकटेपण संपतं."

करडं फुकटच होतं. आमची अपार्टमेंट्स त्याच रंगाची, बाहेरचं आकाशही. लाल स्वेटर तेवढा माझ्या बायकोने, शुभाने, दुकानातून आणला. टॅग कॉलरमध्ये खोचून ठेवला, म्हणजे शूटिंग झालं की परत करता येईल.

शेवटच्या सीनच्या दिवशी स्वेटर सापडेना.

"तो मी काल रिटर्न केला," शुभा म्हणाली. "मुदत संपत होती."

"अगं, शूटिंग आज आहे."

"मग मंदारला सांग, रिटर्न पॉलिसी बघून प्लॅन करत जा."

दुकानात धावलो, तर तो विकलाही गेला होता. शेवटचा सीन मी ऑफिसच्या करड्या जॅकेटमध्ये केला. मंदारने तो चिडूनच शूट केला.

तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात फिल्म दाखवली. भारतातून मुलाकडे आलेले एक काका उठून म्हणाले, "शेवटीही तो करडाच राहतो. हे दाखवायला धाडस लागतं."

"त्यावर आम्ही खूप विचार केला, काका," मंदार म्हणाला.

सगळ्यात जोरात टाळ्या मंडळाचा खजिनदार वाजवत होता. अंगात आमचा लाल स्वेटर, आणि कॉलरमधून टॅग बाहेर आलेला.